प्राधान्य

बाबांची बोटं जेवताना थांबत नसत.
डाव्या हाताची दोन, ताटाच्या कडेवर.
आई म्हणायची, "एझ्रा, फुटेल."
स्टीलचं ताट. फुटणार कसं?

लेफ्टनंट एझ्रा शालोम चारीकर.
चव्वेचाळीसला भरती, सोळा वर्षांचे, अठरा सांगून.
कुलाब्याच्या सिग्नल शाळेत दिवसभर
कानात ठिपके, कानात रेघा;
स्वप्नंसुद्धा पाच-पाच अक्षरांच्या गटांत पडायची, म्हणत.
सेहेचाळीसच्या संपाचं विचारलं तर
एकच उत्तर: "डाळीत खडे होते."
पुढची पंचवीस वर्षं एका फायलीत आहेत, निळ्या शाईत:
हस्ताक्षर सुवाच्य. स्वभाव अबोल.

एकाहत्तरचा डिसेंबर मला काळ्या कागदाचा आठवतो,
भायखळ्याच्या आमच्या तावदानांवर, खळीच्या वासाचा.
फटीतून उजेड दिसला की खालून परेरा वॉर्डनची शिट्टी.
शुक्रवारचा दिवा आईने कपाटाआड लावला.
बाबा नऊ दिवस आले नाहीत.
दहाव्या दिवशी आले, बूट न काढता झोपले.

तेव्हापासून बोटं.
ठिपका, रेघ, ठिपका ठिपका ठिपका.
निवृत्तीनंतर बेलार्ड पिअरला, जहाज कंपनीत
बिलांवर शिक्के मारता मारता,
शनिवारी आमच्या मशिदीत, इस्राएलांच्या,
माझ्या लग्नात मलिद्याच्या परातीवर.
मी गर्ल गाइडमध्ये मोर्स शिकले ते हेरगिरीसाठीच,
पण हे अक्षर तक्त्यात नव्हतं.

सांगितलं ते धाकू मयेकरांनी, त्यांच्या तारायंत्र्याने,
माझगावच्या गॅलरीत चहा बशीत ओतत:
"अक्षर न्हय गो ता. खूण आसा. 'थांबा.'"
मग एकदम साहेबी मराठीत,
"वाहिनी एक. तिच्यावर तातडीचा संदेश चालू.
मध्येच एक जहाज आलं, प्राधान्य साधं.
साहेबांनी नियमाने सांगितलं, थांबा.
चार मिनिटं. मग बोलावलं.
मग उजाडेपर्यंत बोलावतच राहिले."

चौकशीत दोष निघाला नाही.
जहाजाला सांगायचं काय होतं,
ते कुठल्याच नोंदवहीत नाही.

मी बाबांशी हे कधी बोलले नाही.
नौदलाच्या इस्पितळात, समुद्राकडच्या खाटेवर,
शुद्ध गेली तरी बोटं होती. चादरीवर
थांबा. थांबा.
मी त्यांच्या मनगटावर ठोकलं:
रेघ, ठिपका, रेघ.
पाठवा. ऐकतेय.

बोटं थबकली.
इतका वेळ, की मी नर्सला हाक मारणार होते.
मग त्यांनी सुरू केलं, सावकाश,
त्या जुन्या सुवाच्य हाताने,
पाच-पाच अक्षरांचे गट.
एक्स-रेच्या पाकिटावर मी सगळे उतरवून घेतले. तेवीस.

कपाटात आहेत. उलगडत नाहीत.
मयेकरकाका म्हणाले,
किल्ली रोज रात्री बारा वाजता बदलायची,
आणि कालची जाळायची.