हातचा

सातपूरची शाळा, सातवी ब.
चाचणीचे बेचाळीस पेपर.
कंपनीचा भोंगा झाला, पहिली पाळी सुटली,
मी अजून तिसऱ्या प्रश्नावरच :
सतरा क्रेट द्राक्षं, क्रेटमध्ये बावीस किलो.
एकूण किती? कसं काढलंत ते लिहा.

हर्षाली गांगुर्डेने लिहिलं होतं
३७४.
खाली दुहेरी रेघ, पट्टीने मारलेली.
बाकी पान कोरं,
धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखं.

मी चारपैकी एक दिला.
ती टेबलापाशी आली.
"बाई, बरोबर आहे ना?"
बरोबर आहे गं. पण आलं कसं?
"आलं."
कुठून?
ती छताकडे बघते, पंख्याकडे,
मग स्वतःच्या अंगठ्याकडे.
खोटं कशाला सांगू,
मला वाटलं, शेजारच्या बाकावरून आलं.

मग पुटपुटली :
"सतरा विसं तीनशे चाळीस.
वरचे दोन-दोन राहिले,
सतरा दुणे चौतीस.
पहाटे पेठ रोडच्या यार्डात
पप्पांचा हिशोब मीच करते.
पण ते तोंडी असतं, बाई.
पुस्तकातलं नाही ना.
पेपरात चालतं?"

एकोणीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले
'रीत दाखवा',
आणि हिला वाटायचं, रीत म्हणजे
दुसऱ्या कुणाचीतरी.

दुसऱ्या दिवशी घरून तांब्या नेला,
तांबट आळीतला, जुना.
बोटं फिरवा म्हटलं. ठोके लागतात?
घडवणाऱ्याचा हात कळतो की नाही?
ओवेस म्हणाला, "बाई, आता मशीनवरपण
तसले ठोके पाडून देतात."
वर्ग हसला. तांब्या पिशवीत गेला.

मग सरळच सांगितलं :
उत्तर मला ठाऊक आहे, ते नकोय मला.
तुम्ही कुठे वळलात ते लिहा.
'कारण' लिहा, आणि तिथे थांबू नका.

सहामाहीत हर्षालीचं उत्तर चुकलं.
पण पान भरलेलं :
'आधी मी दहा क्रेट बाजूला काढले
कारण दहाचं सोपं जातं...'
तिसऱ्या ओळीत हातचा एक
मिळवायचा राहून गेला होता.
तिथे मला बोट ठेवता आलं.
नेमकं तिथे.
दिले चारपैकी तीन.

मोठ्या बाईंनी पेपर परत पाठवला :
"चुकीच्या उत्तराला तीन?
समासात शेरा लिहा."

लाल पेनाचं टोपण काढलं.
'कारण' लिहिलं.
आणि छताकडे बघितलं.
पंख्याकडे.