खालची कडा

जरीपटक्यात, पत्र्याखालची आमची प्रयोगशाळा.
एप्रिलात थर्मामीटर हात न लावताच चढायचा.
मेश्राम बाई मोजपात्रापुढे गुडघे टेकायच्या :
"वाका रे. पाण्याची खालची कडा,
तिच्या डोळ्याला डोळा.
उभ्यानं मोजसान तर खोटं मोजसान."

कांद्याचा पापुद्रा भिंगाखाली गेला
आणि पेशी दिसल्या, विटांसारख्या गच्च,
प्रत्येकीत एक तपकिरी ठिपका.
आयोडीनचा डाग टेकामच्या बोटावर आठवडाभर होता.

बर्फाचं पाणी, पाण्याचा बर्फ : हा एक रकाना.
मॅग्नेशियमची फीत जळली, राख उरली : हा दुसरा.

परवा बर्डीवर बाई दिसल्या, ओट्यावर,
संत्र्याची फोड नुसतीच हातात धरून.
नाव सांगितलं. शाळा सांगितली.
टेकामचा डागसुद्धा सांगितला.
कोणता रकाना, ते कळेना.

मी गुडघे टेकले.