प्रमाण : एक अंगठा

विद्यापीठाला कुलूप लागलं तेव्हा
आत चोवीस रोपं होती आलेर्सेची
आणि एलेउतेरिओ वाइकिपान, रात्रपाळीचा पहारेकरी.
त्याला आत जायची परवानगी होती,
कारण तो संशोधक नव्हता.

मी चिलोए बेटावर, आईच्या घरी.
होड्यांच्या शेडवर चढलं की दोन दांड्या रेंज,
वारा दक्षिणेचा असेल तर तीन.
तिथं बसून मी त्याला शिकवलं
कुठल्या कुंडीला किती पाणी,
आणि सात ते बारा, या कुंड्यांना मुळीच नाही.
"मुळीच?" त्यानं तीनदा विचारलं.
हाच तर प्रयोग आहे, मी म्हटलं.
पलीकडे मास्कमधला श्वास तेवढा ऐकू आला.

रोज सकाळी सहाला, पाळी सुटायच्या आधी,
टिंग टिंग करत चोवीस फोटो यायचे
आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा.
शेजारी पट्टी धरा ना.
"पट्टी तुमच्या कपाटात. किल्ली तुमच्याकडे."
किल्ली खरंच माझ्या कोटात होती,
कोट आईच्या खुंटीला.

मग त्यालाच नख मोजायला लावलं
हजेरीवहीच्या चौकटींवर ठेवून :
चौदा मिलिमीटर.
तेव्हापासून माझ्या विज्ञानाचं माप तेच.
सह्यांवर चालणाऱ्या आमच्या विभागात
पहिल्यांदाच कुणाचा अंगठा उठला.

फोटोखाली तो एक ओळ लिहायचा, न मागता.
"चार : बरं आहे."
"नऊ : रागावलंय माझ्यावर."
"अकरा : आज बघतच नाही इकडे."
माझ्या तक्त्यात उंची, ओल, रंग.
रागाला रकाना नव्हता.
चार दिवसांनी नऊचा शेंडा पिवळा पडला,
आकड्यांना ते कळायला आणखी एक आठवडा.

तिकडे वाल्दिव्हियात समुद्रसिंह
नदीतून वर येऊन रस्त्यावर झोपायचे,
बस चुकल्यासारखे.
त्यांचाही फोटो त्यानं पाठवला. त्यातही अंगठा.

जूनच्या नऊ तारखेला फोटो स्वच्छ आले.
पट्टी सरळ, उजेड नेमका, कोपरे रिकामे.
कुणी नवा मुलगा होता, नम्र.
कपाटाचं कुलूप तोडलं म्हणाला, चालेल ना?
मी आभार मानले
आणि शेडवरून उतरले नाही बराच वेळ.

अकरा दिवस माझं काम अचूक होतं.
अकरा दिवस मला कळेना
चार बरं आहे की नाही.

बाराव्या दिवशी कोपऱ्यात तो आला,
पिवळट, सुरकुतलेला, नख न कापलेलं.
रोपं राहिली बाजूला.
सवयीनं मोजलं, आता पट्टी होतीच शेजारी :
पंधराला टेकलेलं.
झाडं तेवढी वाढली नव्हती.
हजारो वर्षं जगायचं असतं त्यांना,
माझी शिष्यवृत्ती मार्चपर्यंत.

खाली ओळ होती :
"नऊला पाणी दिलं. थोडंच. माफ करा.
तिथं पडलो होतो तेव्हा नळी होती तोंडात,
पाणी मागता येत नव्हतं."

नोंदीत मी लिहिलं :
नऊ, प्रयोगातून वगळलं.
पुढचा रकाना कारणाचा.
मार्गदर्शक बाईंनी दोनदा विचारलंय.
वारा आज उत्तरेचा आहे,
रेंज नाही म्हणून कळवलंय मी त्यांना.