सहा महिन्यांनंतर

नऊला पहिला भाग,
आणि साखर पेठेत नऊलाच नळ,
पाच दिवसांनी.
नरसव्वाला म्हटलं, तेवढी माझी घागर लाव बाई,
आज डॉक्टर ऋत्विजचा फैसला आहे.

मागचं पर्व संपलं तेव्हा
तो टेबलावर, छाती उघडी,
मशीनवरची रेघ सपाट.
आठ महिने विड्या वळता वळता
मी त्याला वाचवत होते,
कधी या औषधानं, कधी त्या.

खालचा माग बंद करायला लावला.
अंबिकाला दटावलं. आवाज वाढवला.

तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं:
सहा महिन्यांनंतर.
आणि हा जिने चढतोय, पळत,
केस नवे, शर्ट इस्त्रीचा.

अरे, पण ते सहा महिने?
भांडं कोणी धरलं? टाके कोणी पुसले?
सिव्हिलच्या रांगेत फाईल घेऊन कोण उभं राहिलं?
आमच्या ह्यांना जिना चढायला
दिवाळी उजाडली होती.
तिसऱ्या पायरीवर बसले, म्हणाले,
तू हो पुढं.

नरसव्वा ओरडली, गेलं गं पाणी!
घागर अर्धीच.

पाणी आता थेट रविवारी.
दुसरा भाग उद्या.
बघणार तर आहेच.
विचारायचंय त्याला,
ओझं कधीपासून उचलू दिलं?