पकड

रात्री दोनला मी म्हणते, तात्या, माझी बोटं दाबा.
डावा हात दाबतो.
उजवा माझ्या तळव्यात पडून राहतो,
मागावरून उतरवून कुणी घडीच घातली नाही
अशा टॉवेलसारखा.
तक्त्यावर लिहिते: उजवी पकड, शून्य.

हे शून्य माझं नाही.
फाईलचं आहे. फाईल कपाटात, किल्ली मेट्रनकडे.
मला ते मान्य आहे. तेवीस वर्षं
माणसांची गुपितं साबणाच्या पाण्याबरोबर
बेसिनमध्ये सोडून मी घरी गेले:
कुणाची पिशवी काढली, कुणाच्या सुनेनं काय प्यायलं,
कोणता पैलवान सुई बघून रडला.
आजारी माणसाच्या अंगावरची चादर
त्याचीच असते. नगरसेवक असला तरी.

पण मी राहते त्यांच्याच प्रभागात,
जिथं नळ पाचव्या दिवशी येतो, कधी सातव्या,
आणि चावीवाला म्हणतो, तात्यांची चिठ्ठी आणा.
चौकात फ्लेक्स आहे. त्यात तात्या दहा वर्षांनी तरुण,
हात जोडलेले. दोन्ही.
खाली: किरकोळ अशक्तपणा, लवकरच आपल्या सेवेत.

पद्मक्का विड्यांचं सूप मांडीवरून उतरवून आली,
कागद पुढं केला, म्हणाली, वाच.
लेटरहेडवर होतं, आमच्या बोळाची पाण्याची लाईन
पलीकडच्या नव्या बंगल्यांना जोडावी,
नागरिकांची तशी मागणी आहे.
खाली सही. बालराज चिट्याल,
'च'ची शेपटी पतंगासारखी वर उडवलेली,
माझ्या रहिवासी दाखल्यावर आहे हुबेहूब तशी.
तारीख भोगीची.

भोगी मला आठवते.
त्या दिवशी काठ्या संमती कट्ट्याकडे निघाल्या होत्या,
खिडकीतून गलका आला, आणि तात्यांच्या ओठांवर
अकरा आठवड्यांतला पहिला शब्द हलला: हर्र.
पुढचं बोला काही येईना. नुसतं हर्र, हर्र,
लाळ हनुवटीवर. मी पुसली.
रात्री दोनला लिहिलं: उजवी पकड, शून्य.

बरे हायत ना गं तात्या? पद्मक्कानं विचारलं.
तू तिथंच असतीस की.
मी म्हणाले, मला सांगता येत नाही.
तिनं दाताखाली दोरा तोडला,
म्हणाली, म्हंजे सांगण्यासारखं हाय.

त्याच रात्री भाचा आला, पॅड काखेत.
भेटायची वेळ संपली, मी म्हणाले.
मी घरचाच आहे, तो म्हणाला, आणि पडदा ओढला.
तो पडदा मी रोज ओढते,
अंग पुसताना, भांडं देताना, माणसाची लाज राहावी म्हणून.
आज पडद्यामागं कागद फडफडला,
आणि बाहेर पडताना त्याच्या खिशातलं पेन
उघडंच होतं.

तेव्हा मला एक गाठ सोडवता आली.
लकवा तात्यांचा. तो मी कुणाला देणार नाही.
सही मात्र आमची.
रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून
आम्ही ती त्यांच्या हातात दिली होती.

सकाळी घरी जाताना पद्मक्काला एवढंच म्हटलं:
ऑफिसात जा. दहाजणी जा.
म्हणा, तात्यांनी आमच्यासमोर बसून सही करावी.
ती पुढचं विचारत राहिली.
मी चप्पल काढून आत गेले.

बायका गेल्या. साहेब सुट्टीवर होते.
सोमवारी परत जाणार आहेत.

आता पुन्हा दोन वाजलेत.
तात्या जागे. मी त्यांना सांगून टाकलं, काय केलं ते.
म्हटलं, चुकलं असेल माझं तर दाबा.
डाव्या हातानं बोटं धरली,
इतकी घट्ट की अंगठी रुतली.
पण तो हात सगळ्यालाच दाबतो,
तहान लागली तरी, भीती वाटली तरी.
तक्त्यावर कारणाचा रकाना नाही.
डावी पकड, मी लिहिते: चांगली.