उभे प्रवासी अकरा

गाडीत दाराच्या वर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं:
बसून चव्वेचाळीस, उभे अकरा.
अकराचे तीस व्हायचे रंकाळा स्टँडपाशी,
गंगावेशीत तर मी मोजायचंच सोडून द्यायचे.
पण भाडं एकच.
उभ्याला बसलेल्यापेक्षा दहा पैसे कमी घेतले नाहीत
की जास्त.
सव्वीस वर्षं केएमटीत. बिल्ला नंबर पाचशे बारा.

आणि आता ही अक्षता
ताट बाजूला सारून मोबाईल पुढं धरते.
स्टेडियमचा नकाशा, घोड्याच्या नालासारखा,
रंगीत फाळके पाडलेला.
"आई, स्टेजसमोर उभं राहायचे तीन हजार,
मागं गॅलरीत बसायचे अठराशे. बोल पटकन."

मी चष्मा पुसला. परत वाचलं.
उभं राहायचे जास्त?
अगं, उभं राहायचा मला पगार मिळत होता!

ती हसली नाही. पडद्याच्या कोपऱ्यात
एक घड्याळ उलटं पळत होतं,
जागा धरून ठेवायला सात मिनिटं.
सात मिनिटांत मी भरलेली गाडी बुक करून
सुट्टे पैसेसुद्धा परत द्यायचे.
पण ती दुसऱ्यांची तिकिटं.

पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा बघून
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, किती उभं राहिलात हो?
त्यांना काय सांगणार,
शिवाजी पुतळा ते कसबा बावडा,
दिवसाला किती फेऱ्या ते.
वडील म्हणायचे, कुस्ती बघावी तर खासबागेत,
उतारावर मांडी घालून,
पुढच्याचं डोकं मागच्याला आडवं येत नाही तिथं.
असं म्हणायचे,
आणि डाव लागला की आधी तेच उठायचे,
मागनं शिव्या खात.

दीड मिनिट उरलं तेव्हा म्हटलं,
एक उभं काढ, एक बसून.
"म्हणजे आपण वेगवेगळ्या?"
पोरगी क्षणभर बारकी झाली एवढीशी,
मग तिनं बटण दाबलं.

मायलेकी दोन दारांनी आत गेलो.
तिच्या मनगटाला हिरवा पट्टा, माझ्या राखाडी.
माझी जागा म्हणजे सिमेंटची पायरी,
वर ऑइलपेंटनं नंबर.
अठराशेची खुर्ची ही!
घरनं आणलेली उशी टाकली.
शेजारी सातपुते म्हणून, सुभाषनगरचे,
अंगठ्याला चामड्याचा रंग.
म्हणाले, "चपला शिवायच्या म्हणजे दिवसभर बूड हलत न्हाई.
मला उभ्याचंच पायजे हुतं.
पोरानं लाडानं हे काढलं. आता काय बोलायचं?"
मी त्यांना शेंगदाणे दिले.

पहिलं गाणं बसून झालं. दुसरंही.
पाय लांब सोडले, गार वारं आलं,
स्टेज काडेपेटीएवढं,
गाणारा काडीएवढा,
पण मोठ्या पडद्यावर त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता.
बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्याला पुढची रांग उठली.
मग तिच्या मागची.
सातपुते तर वाटच बघत होते.
दोन मिनिटं मी माणसांच्या पाठी बघत बसले,
कुणाच्या शर्टावर इस्त्रीची घडी, कुणाच्या नाही,
मग उठले.
ढोल असा आदळला छातीत
की स्पीडब्रेकरवरनं गाडी उडाल्यागत
माझा उजवा हात आपसूक वर गेला
दांडा धरायला.

दांडा नव्हता.

"वहिनी, लई रंगलायसा की!" सातपुते ओरडले.
मी काही बोलले नाही.
हात तसाच राहू दिला वर.

खाली मैदानात काळोखात हात आणि हातच,
कुणाच्या मोबाईलचा उजेड, कुणाची नुसतीच बोटं.
त्यातला आमचा कुठला?
सवयीनं मोजायला लागले.
अकरापर्यंत गेले
आणि सोडून दिलं.