पॅल

ग्लासगोच्या पबात हा शब्द
एका रात्रीत दोनदा ऐकला.
आधी बारमागच्या मोरॅगने
सुटे पैसे तळहातावर ठेवत, "हे घे, पॅल."
मग दाराशी एका आडदांडाने
ओठ न हलवता, "ऐक, पॅल,"
आणि आसपासच्यांनी आपापले ग्लास
जरा जवळ ओढून घेतले.

जूनमध्ये ॲपलबीच्या घोडेबाजारात
लीवाय हेरनला विचारलं.
तो मांड्यांएवढ्या पाण्यात,
कबऱ्या घोडीची आयाळ साबणाने चोळत.
"आमचाच तो. प्राल. म्हणजे भाऊ.
कोंबडी हरवली की आळ आमच्यावर,
शब्द उचलला की म्हणे ती इंग्रजी."
घोडीने शेपूट झटकलं. दोघेही भिजलो.

प्राल, भ्राता.
कुठून कुठवर पायपीट,
आणि दिवसभर 'पॅल, पॅल' चालतं त्याच पबाच्या दारावर
बाजाराच्या आठवड्यापुरता चिकटवलेला कागद:
भटक्यांना प्रवेश नाही.

रात्री नदीकाठी
शब्द माझ्या लिपीत लिहून पाहिला.
माथ्यावरची चंद्रकोर उतरवून काना दिला
तर पाल झालं.
भिंतीवर चुकचुकते ती नव्हे,
भटके माळावर ठोकतात ते.
ही व्युत्पत्ती नाही, मला कळतं.
पण गारठा होता,
आणि शब्दाला आत शिरण्यापुरती जागा होती.

कॅरॅव्हॅनचं दार करकरलं.
"चहा घेणार, पॅल?"
कोणत्या अर्थाने, ते काही
मी विचारलं नाही.